अप्पाची बस लोह्याच्या अलीकडं

आमच्या शेजारच्या मन्मथअप्पांचा कॉम्प्युटर बंद पडला की ते आधी कॉम्प्युटरकडं बघत न्हाईत. अंगणात जातेत, लिंबाचा एक डहाळा मोडतेत, आणून दाराच्या कडीत खोवतेत. मग हात धुऊन चहाचं आधण ठेवतेत.

गाडी रस्त्यात बंद पडली की तिच्या मागं झाडाची फांदी लावायची, म्हणजे मागून येणारा सावध होतो, हे आपल्याकडं सगळ्यांना मालूम हाय. अप्पा तीस वर्षं बशीवर कंडक्टर होते. नोकरी सुटली, फांदी सुटली न्हाई. आता आमच्या बोळीत मागून भरधाव येऊन त्यांच्या कॉम्प्युटरला कोण धडकणार हाय, हे मी त्यांना चारदा विचारलं. चारी वेळा एकच उत्तर.

"नियम हाय, मिस्त्री."

ह्या माणसाला दुसरं उत्तरच येत न्हाई. घरातून बाहेर पडताना तोंडानं दोनदा टिंग-टिंग कामून करता? नियम हाय. एकट्याच्या घरात खाटेला शिटाचा आकडा कामून रंगवला? नियम हाय. कुठला नियम, कोणी केला, कोणत्या कागदावर लिहिला, ते विचारायचं न्हाई.

मी गणपत मिस्त्री. शाळा चौथीपर्यंत, त्यातली चौथी अर्धी. पण लातूरच्या डाळमिलीत चाळीस वर्षं फिटर होतो. बेरिंगवर हात ठेवला की सांगायचो, हे आठ दिवसांत जाणार. शिकलेले इंजिनियर यायचे, कागद पसरायचे, चष्मे पुसायचे, आणि शेवटी मालक म्हणायचा, गणपतला बोलवा. हे मी गर्वानं सांगून राहिलो, आणि कामून सांगू नये? एक मशीन माझ्या हाताखालून दुरुस्त न होता गेली न्हाई. म्हणून तं अप्पांच्या त्या डबड्याचा मला एवढा राग.

कॉम्प्युटर त्यांनी एका बंद पडलेल्या इंटरनेट क्याफेतून आणला. त्यात बस चालवायचा खेळ. टेबलाला स्टेअरिंग बांधलेलं, खाली पायाशी क्लच, ब्रेक, आणि डबा टेबलामागं अंधाऱ्या कोपऱ्यात. जन्मभर मागं उभं राहून तिकिटं फाडली, आता म्हातारपणी पुढच्या शिटावर बसायची हौस. बरं, खेळातला रस्ता इकडचा न्हाईच. कुठल्या तरी गोऱ्या लोकांचा मुलूख हाय. दोन्ही बाजूंनी हिरवंगार, रस्त्यावर एक म्हैस न्हाई, गाड्या सगळ्या उजव्या अंगानं. पण अप्पांच्या मतानं ती लातूर-नांदेड बस. पवनचक्की आली की चाकूर. चर्च दिसलं की आवाज चढवतेत, "अहमदपूर, अहमदपूर! उतरणारे पुढं या."

एकदा मी म्हणलं, "अप्पा, अहमदपुरात बर्फ कधीपासून पडायला लागला?"

काचेवरून नजर न काढता म्हणले, "औंदा थंडी जरा जास्तच हाय."

तं अशी ही बस. अहमदपूर सोडलं, आता लोहा येणार, की पडदा गपकन काळा. एक-दोन पळ तसाच. मग खेळ गायब, आणि मधोमध इंग्रजीत एक चौकोनी चिठ्ठी. मला इंग्रजी येत न्हाई आणि त्याचं मला वाईट बी वाटत न्हाई. चिठ्ठीत म्हणे लिहिलेलं असतं की ग्राफिक्स ड्रायव्हरनं जवाब देणं सोडलं. हा ड्रायव्हर म्हणजे माणूस न्हाई आणि पार्ट बी न्हाई. चित्रं काढणारं कार्ड एक बोली बोलतं, खेळ दुसरी बोलतो, आणि दोघांच्या मधला हा दुभाष्या. तो बेशुद्ध पडला की चित्र बंद. दिसत न्हाई, हाताला लागत न्हाई, ग्रीस भरता येत न्हाई. असल्या वस्तूच्या भरवशावर लोक कारखाने चालवतेत म्हणे. चालवा.

रोज. बिनचूक. लोह्याच्या अलीकडं. बंद पडली की अप्पा खुर्चीवरून उठतेत, मागच्या रिकाम्या खाटेकडं वळतेत आणि हात हलवून म्हणतेत, "उतरा, उतरा, सगळे उतरून घ्या. मागची गाडी येतीय." मग डहाळा. मग आधण.

दसऱ्याच्या सुमाराला चौकातल्या हॉटेलात आम्ही चहाला बसलो होतो. तिथं कोणीतरी मुद्दाम काडी टाकली. "काय मिस्त्री, चाळीस वर्षं मिल चालवली म्हणता, आणि अप्पाची खोटी बस लोह्याच्या पुढं सरकंना तुमच्याच्यानं?" सगळं हॉटेल हसलं. हसणारात असे लोक होते ज्यांना सायकलीची चेन चढवता येत न्हाई. मी कपबशी आपटली आणि म्हणलं, "येळवशीच्या आत ती गाडी नांदेडला पोचवली न्हाई, तं मला मिस्त्री म्हणू नका!"

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या. त्या दिवशी अख्खं लातूर शेतात जेवायला जातं. म्हणजे दोन-अडीच महिने हातात होते. मी म्हणलं, आठ दिवस बी लई झाले.

पहिला इलाज माझा. अर्थिंग. घराचं अर्थिंग बाद असंल तं कुठलीच मशीन सरळ चालत न्हाई. अंगणात तीन फूट खड्डा खांदला, तांब्याची पट्टी सोडली, मीठ-कोळसा भरला, वरून रोज घागरभर पाणी. अप्पा खुर्ची टाकून बघत बसले.

"मिस्त्री, खड्डा वाटंत हाय. डहाळा लावू का?"

"माझ्या डोक्यात लावा."

अर्थिंग एक नंबर झालं. बस लोह्याच्या अलीकडं बंद.

मग मिलीतला एक जुना स्टॅबिलायझर आणला. लोखंडी, दोन माणसांनी उचलायचा. तो असा घुमायचा की अप्पांना वाटलं आता खरंच गाडीत बसलो. बस बंद पडली, स्टॅबिलायझरचा आवाज मात्र बंद पडंना.

तेव्हा अप्पांनी अजीजभाईला बोलवलं. अजीजभाईचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान हाय. माणूस गोड, आणि मला गोड कारागीर पटत न्हाईत. आल्या-आल्या माझ्या खड्ड्याकडं बघून म्हणला, "चाचा, इथं आता पपई लावा. अर्थिंगचा काई संबंध न्हाई. ड्रायव्हर खराब हाय."

"दाखव," मी म्हणलं.

"तो दिसत न्हाई ना, चाचा."

"मंग तुला कसा दिसला?"

तरी त्यानं काम केलं, खोटं कामून बोलू. जुना ड्रायव्हर मुळासकट उपटला, नवा टाकला. बस बंद. नवा काढला, दोन वर्षांमागचा टाकला. म्हणला नवे नाजूक असतेत, जुने टिकतेत. हे एक वाक्य मला त्याचं पटलं. तरी बस बंद. मग त्यानं डबा उघडला, आतली एक हिरवी पट्टी काढली, खिशातून खोडरबर काढलं आणि तिचे सोनेरी दात घासायला बसला. खोडरबर! असल्या वस्तूंना कंटाळून मी शाळा सोडली होती. शेवटी त्यानं कॉम्प्युटरातलं सगळं पुसून पहिल्यापासून भरलं. अप्पा तेवढा वेळ गंभीर चेहरा करून उभे. तो गेल्यावर दुपारी बस सुटली. चाकूर, अहमदपूर, आणि गप.

मग अजीजभाई डबा उचलून दुकानात घेऊन गेला. तिथं तीन दिवस सकाळपासून संध्याकाळपर्यंत बस पळाली. नांदेड झालं, आणखी कुठं-कुठं गेली. घरी आणली, लावली, लोह्याच्या अलीकडं बंद. अजीजभाई चक्रावला. छताकडं बघत मला हळूच म्हणला, "चाचा, मशीनला काई न्हाई. ह्या घरातच काई तरी हाय."

"ह्या घरात अप्पा हायेत. दुसरं काय असणार?" मी म्हणलं.

मी माझ्या पद्धतीनं बी बघत होतो. दर वेळा डब्यावर हात ठेवायचो. डबा कोमट. तापला म्हणावं तं तसा न्हाई. अर्थात डहाळा दिसणार, मी चपला शोधणार, बायकोचे दोन शब्द ऐकणार, ह्यात पाव-अर्धा तास जायचा. बाजूला खुंटीवर अप्पांचा कंडक्टरकीतला खाकी शर्ट टांगलेला असायचा, खिशावर बिल्ल्याची भोकं. त्याच खुंटीला मी टोपी अडकवायचो आणि विचार करत बसायचो.

विचार कसला, अप्पा विचार करू देतील तं! कप पुढं यायचा आणि त्यांची ती गोष्ट सुरू व्हायची. एकदा गाडी खरोखर लोह्याच्या अलीकडं, माळाकोळीच्या पुढं बंद पडली होती. लोक खाली उतरले, लिंबाखाली बसले, फडकी सोडली. एका बाईनं अप्पांना अर्धी भाकर आणि शेंगाची चटणी दिली. एका म्हाताऱ्यानं त्यांच्या लेकीसाठी स्थळ सुचवलं. पहिल्यांदा ऐकली तेव्हा गाडी चार तास उभी होती. दिवाळीपर्यंत नऊ तास झाले. मी मनात म्हणलं, आता मुक्काम करतेत की काय.

"तीस वर्षं लोक माझ्याशी काय बोलले, मालूम हाय का मिस्त्री? एक अहमदपूर. दोन लोहा. सुट्टे न्हाईत. बस. आणि गाडी बंद पडली की तेच लोक म्हणायचे, कंडक्टर साहेब, उभे कामून? बसा, भाकर खा."

मशीन बंद पडल्यावर खूश होणारा माणूस मिलीत असता तं मी त्याला दुपारच्या आत हाकलला असता. अप्पांना मी तसं तोंडावर सांगितलं. ते कप विसळत म्हणले, "आणखी अर्धा घ्या." बायको जाऊन सहा वर्षं झाली त्यांची. लेक हैदराबादेला. रविवारी तिचा फोन येतो, तो अप्पा उभं राहून घेतेत. तोही नियमच असणार.

असे दिवस गेले आणि येळवस उजाडली. सकाळी शेताकडं निघालो तं चौकातून ओरडा आला, "मिस्त्री, आजचाच दिवस हं! उद्यापासून गणपतराव!" मी मान वळवली न्हाई. अप्पांना शेतात चला म्हणलं होतं, तं म्हणले, "आज ड्युटी हाय."

भावाच्या शेतात कडब्याच्या कोपीपुढं पंगत बसली. भाज्या-डाळींची भज्जी, बाजरीचे उंडे, माठभर ताकातली आंबील. सगळे खाऊन राहिले आणि मी उंडा हातात धरून नुसता बसलो. डोळ्यापुढं तो काळा पडदा. बायकोनं ओळखलं. किटलीत आंबील भरली, डब्यात भज्जी घातली आणि म्हणली, "जा, अप्पाला देऊन या. इथं बसून आंबिलीला तोंड वाकडं करू नका."

तीनच्या सुमाराला बोळीत पोचलो. बोळ ओस. एका घराचं दार उघडं न्हाई. अप्पांच्या कडीत डहाळा नव्हता. दार नुसतं लोटलेलं, आतून इंजिनाचा आवाज. मी उंबऱ्यात थांबलो. पडद्यावर चर्च मागं गेलं. नेहमीचं वळण आलं. मी किटली घट्ट धरली. वळण गेलं, पूल गेला, अप्पा बारीक आवाजात म्हणले, "लोहा." पुढं एक गाव आलं. "सोनखेड." मग मोठाल्या इमारती, दिवे, आणि एका लांबलचक शेडखाली बस जाऊन उभी राहिली. अप्पांनी इंजिन बंद केलं.

"नांदेड," एवढंच म्हणले. खाटेकडं वळले न्हाईत. हात मांडीवर ठेवून पडद्याकडं बघत बसले.

"पोचली!" मी असा ओरडलो की किटलीतली आंबील धोतरावर सांडली.

अप्पा खिसा कापताना धरल्यासारखे दचकले. "आज... आज जरा बरी चालली."

"बरी चालली म्हणजे? काय बदललं आज?"

मशीन बिघडल्यावर सगळेच विचारतेत काय झालं. फिटर मशीन सुधारल्यावर बी विचारतो. मी डब्यावर हात ठेवला. गार. इंजिन आत्ता बंद झालं आणि डबा गार! सवयीनं टोपी अडकवायला खुंटीकडं वळलो, तं शर्ट खाली पडला, पाठ वर. पाठीवर धुळीचा एक गोल, भाकरीएवढा, त्यात बारीक जाळीच्या रेघा. मी शर्ट उचलला आणि डब्याच्या मागच्या पंख्याच्या जाळीला लावला. गोलावर गोल बसला. कॉलर डब्याच्या माथ्यावर बसली. बाह्या दोन्ही बाजूंनी मागं बांधायच्या, हे चुण्यांवरूनच कळत होतं.

"अप्पा, हा शर्ट तुमी ह्याला घालता?"

"ड्युटीवर असला की वर्दी पाहिजे. नियम हाय, मिस्त्री."

"आणि बंद पडला की काढता."

"ड्युटी संपली ना मंग."

माझं डोकं असं फिरलं म्हणता! "अहो, पंख्याचं तोंड बांधलंय तुमी! आत भट्टी लागल्यावर तो दुभाष्या बेशुद्ध पडंल न्हाई तं काय करंल? मी तीन फूट खड्डा खांदला. तो अजीज खोडरबर घासत बसला. आणि तुमी कॉलरची बटणं लावून राहिले?"

"आधी मला बी मालूम नव्हतं," अप्पा खाली बघून म्हणले. "अजीजभाईच्या दुकानात चालली, तेव्हा कळलं. तिथं वर्दी नव्हती."

"कळलं? आणि तरी घालत राहिले?"

अप्पा शर्टाची बाही सरळ करत राहिले.

"मंग आज कामून न्हाई घातला?"

अप्पांनी किटलीकडं बघितलं, मग उघड्या दाराकडं. "आज बोळीत कोणी नव्हतं ना, मिस्त्री. डहाळा लावून कोण येणार होतं?"

चुलीवर आधण नव्हतं. फळीवर कप पालथे होते, चार. चार कप कामून, हा प्रश्न मला आजपर्यंत पडला नव्हता.

तोंडात दहा शिव्या तयार होत्या. त्यातली एकबी कामाची न्हाई. मी खाली बसलो, दोन कप सरळ केले आणि आंबील ओतली. अप्पांनी एक घोट घेतला, म्हणले, आंबट झालीय. मी म्हणलं, उन्हातून आलीय, होणारच.

"नांदेड कसं हाय?" मी विचारलं.

"रिकामं. सगळे उतरून गेले."

थोड्या वेळानं मी उठलो. शर्ट झटकला, डब्याला चढवला, कॉलरपासून बटणं लावत आलो. खालची दोन मोकळी ठेवली. उजवी बाही जाळीवरून दोन बोटं सरकवून बांधली. "सुरू करा," म्हणलं. हात ठेवून बसलो. चटका किती, कोणत्या जागी, किती वेळात, हे मला शिकवायला कोणी इंजिनियर लागत न्हाई. मिलीत चाळीस वर्षं मशीन बंद पडू नये म्हणून सेटिंग केली. वेळेवर बंद पडावी आणि जळू बी नये, अशी सेटिंग पहिल्यांदाच करत होतो. काम नाजूक हाय. खोडरबरवाल्याला जमलं नसतं.

पडदा काळा झाला तेव्हा मी घड्याळ बघितलं. "पाऊण तास. सव्वातीनला गाडी सोडा, चारला बंद पडंल. उन्हाळ्यात तिसरं बटण बी सोडायचं."

अप्पा उठले, शर्ट काढून खुंटीला लावला, अंगणात गेले आणि डहाळा मोडून कडीत खोवला.

"अहो, मी आतच हाय ना!"

"नियम हाय," म्हणले, आणि आधण ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉटेल भरलेलं. माझीच वाट बघून राहिले होते. "काय मिस्त्री, पोचली का नांदेडला?"

पोचली होती. माझ्या ह्या दोन डोळ्यांनी शेडखाली उभी राहिलेली बघितली होती, आणि येळवशीच्या दिवशीच. शब्द ओठांवर आला. हसायला तयार असलेली ती तोंडं मी एकदा सगळी बघून घेतली, सायकलीची चेन चढवता न येणाऱ्यांची.

"न्हाई," मी म्हणलं. "न्हाई जमलं."

"म्हणजे हारले?"

"सांगितलं ना एकदा. चहा दे."

"बरं, गणपतराव!" हॉटेलवाला म्हणला, आणि पत्रे उडतील असं हसले सगळे.

तेव्हापासून चौकात मी गणपतराव. ज्यांना मशीनचं तोंड कोणतं आणि पाठ कोणती कळत न्हाई, ते मला गणपतराव म्हणतेत आणि मी ऐकून घेतो. अजून मिस्त्री म्हणणारा एकच माणूस उरला हाय. हारलेल्या माणसाला मिस्त्री कामून म्हणता, असं मी त्याला विचारलं. उत्तर काय आलं ते तुमाला मालूम हाय.

मात्र ह्या आठवड्यात थंडी वाढली. डबा तापायला वेळ घेऊन राहिला. काल डहाळा लागायला पाच वाजले, मी चपला घालून दारात ताटकळत होतो. आज जाऊन एक बटण लावून येतो.